ओसाका मोठे कसे झाले आणि वर्ध्याचा कापूस कुठे अडला

१.
जपानमधील ओसाका हे शहर एकेकाळी ‘पूर्वेचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाई. त्याच्या गिरण्यांत जो कापूस कातला गेला, त्यातील मोठा वाटा हिंदुस्थानातून, आणि त्यातही आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून जात असे. कापूस पिकवणारा वर्धा जिल्हा आणि कापूस न पिकवता कापसावर मोठे झालेले ओसाका, या दोहोंचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावा, यासाठी हा धागा.

२.
माझे मत आरंभीच नोंदवतो. कच्चा माल जवळ असणे हे औद्योगिक समृद्धीचे कारण नव्हे. मालावरची पुढची प्रक्रिया कुणाच्या हातात आहे आणि त्या प्रक्रियेसंबंधीचे निर्णय कोण घेतो, यावर शहरांचे आणि शेतकऱ्यांचे भवितव्य ठरते. हे ठरवण्याची संधी वर्ध्याला दीडशे वर्षांत फारशी मिळालीच नाही.

३.
प्रथम ओसाकाची ओळख. योदो नदीच्या मुखाशी, ओसाका उपसागराच्या काठी हे शहर वसले आहे. १५८३ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने येथे किल्ल्याचे बांधकाम सुरू केले आणि भोवती व्यापारी पेठा वसवल्या. पुढे एदो काळात देशभरातील सरदारांचा तांदूळ येथील कोठारांत येऊन विकला जाई. म्हणून ओसाकाला ‘देशाचे स्वयंपाकघर’ म्हणत. येथील दोजिमा तांदूळबाजाराला १७३० मध्ये राजमान्यता मिळाली. जगातील पहिल्या संघटित वायदेबाजारांत त्याची गणना होते.

४.
म्हणजे ओसाकाचा पाया कारखान्यांनी घातलेला नाही. साठवण, पत, हुंडी आणि भावाचा अंदाज या व्यापारी विद्या तेथे आधीपासून मुरलेल्या होत्या. शहराच्या पूर्वेकडील कावाची प्रदेशात कापूसही पिकत असे. शेतकरी कुटुंबे तो घरीच कातत, विणत आणि जाडेभरडे, टिकाऊ कापड ओसाकाच्या व्यापाऱ्यांना विकत. हा कावाचीचा कापूस ध्यानात असू द्यावा. त्याची गोष्ट पुढे येणार आहे.

५.
१८६८ च्या मेजी सत्तांतराने मात्र ओसाका खचले. सरदारांची कोठारे बंद झाली, त्यांना दिलेली कर्जे बुडाली, जुनी सावकारी घराणी कोसळली. जवळच कोबे बंदर परदेशी व्यापारासाठी खुले झाले होते, आणि त्यातून येणारे इंग्लंडचे व मुंबईचे स्वस्त सूत कावाचीच्या चरख्यांना नकोसे करू लागले होते. त्या काळी कुणी पाहिले असते, तर हे शहर उतरणीला लागले आहे असेच म्हटले असते.

६.
याच दशकांत वर्ध्याकडे पाहावे. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-मध्य प्रांताच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या साम्राज्याचे लक्ष वळले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला.

७.
वणा नदीकाठचे हिंगणघाट तर त्याही आधीपासून कापसाची पेठ म्हणून नावाजलेले. येथील ‘बनी’ वाणाचा धागा लांब आणि तलम. लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ या नावानेच तो ओळखला जाई. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणीपर्यंत रेल्वे झाली. १८७७ च्या १ जानेवारीला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८० च्या दशकाच्या आरंभी खुद्द हिंगणघाटात गिरणी उभी राहिली आणि पुढे पुलगावातही.

८.
आता तारखा जुळवून पाहाव्यात. ओसाकातील पहिली यशस्वी मोठी गिरणी, ओसाका बोसेकी, स्थापन झाली १८८२ मध्ये आणि चालू झाली १८८३ मध्ये. म्हणजे नागपूरची गिरणी तिच्याहून सहा वर्षांनी थोरली आणि हिंगणघाटची जवळपास समवयस्क. येथे कापूस दारात, कोळसा जवळ, रेल्वे तयार, मजूर उपलब्ध. तेथे कापूस अपुरा, यंत्रे परदेशी, पूर्वानुभव अपयशाचा. शर्यत लावायची तर कुणीही पैज आपल्या बाजूनेच लावली असती.

९.
ओसाका बोसेकीचे सूत्रधार शिबुसावा एइची. जपान सरकारने आधी दोन-दोन हजार चात्यांच्या छोट्या गिरण्या काढल्या होत्या; त्या चालल्या नाहीत. शिबुसावांनी थेट १०,५०० चात्यांची, पाणचक्कीऐवजी वाफेवर चालणारी गिरणी उभारली. भांडवल सरदार घराण्यांकडून आणि व्यापाऱ्यांकडून गोळा केले. लंडनमध्ये शिकत असलेल्या यामानोबे ताकेओ या तरुणाला पत्र लिहून यंत्रविद्येकडे वळवले आणि लँकेशायरमधील ब्लॅकबर्नच्या गिरणीत प्रत्यक्ष काम शिकायला लावले. १८८६ मध्ये तेथे विजेचे दिवे लागले आणि यंत्रे रात्रंदिवस फिरू लागली.

१०.
गिरण्या वाढल्या तसा कापूस कमी पडू लागला. देशी कापूस अपुरा आणि महाग, चिनी कापूस आखूड. नजर हिंदुस्थानकडे वळली. पण मुंबई-जपान जलमार्गावर पी. अँड ओ. आणि तिच्या साथीदार कंपन्यांची मक्तेदारी होती. टनामागे १७ रुपये भाडे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीशी त्यांनी करार केला. नोव्हेंबर १८९३ मध्ये ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईकडे निघाले. भाडे ठरले १२ रुपये.

११.
मक्तेदारांनी आपले भाडे थेट दीड रुपयापर्यंत खाली आणले. स्वस्ताईला भुलून मुंबईचे व्यापारी पांगले आणि टाटांना या उद्योगातून माघार घ्यावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली. कारण ओसाकात मुख्य ठाणे असलेल्या गिरणीमालकांच्या संघाने ठरवून टाकले होते की आपला कापूस याच जहाजांतून येईल. आज दीड रुपयात मिळणारे भाडे उद्या पुन्हा १७ रुपये होईल, हे त्यांनी ओळखले होते. धैर्य दोन्हीकडे होते. संघटना एकीकडेच होती.

१२.
यापुढचा फरक सरकारांचा. जपानने १८९४ मध्ये सुताच्या निर्यातीवरील जकात रद्द केली आणि १८९६ मध्ये कच्च्या कापसावरील आयात जकात. गिरणीला कच्चा माल स्वस्त आणि पक्क्या मालाला बाजार खुला. त्याच १८९६ मध्ये हिंदुस्थान सरकारने काय केले? विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली आणि लँकेशायरची तक्रार नको म्हणून इथल्या गिरणीत विणलेल्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के कर बसवला. हा कर १९२५-२६ पर्यंत चालू राहिला.

१३.
एकाच वर्षी घेतलेले हे दोन निर्णय म्हणजे दोन देशांच्या औद्योगिक इतिहासाचा सारांश आहे, असे मला वाटते. एक राज्य आपल्या गिरणीच्या वाटेतील अडथळा दूर करत होते. दुसरे आपल्याच प्रजेच्या गिरणीपुढे अडथळा उभा करत होते. ‘जपानी माणूस शिस्तीचा, आपला माणूस आळशी’ ही लोकप्रिय मीमांसा करणाऱ्यांनी आधी या जकातींचा हिशेब मांडावा.

१४.
पण ओसाकाच्या यशाला बळी गेलेले लोकही होते. १८९६ च्या निर्णयाने कावाचीच्या कापूस उत्पादकाचा निकाल लावला. परदेशी कापूस बिनजकात येऊ लागताच जपानमधील कापसाची शेती काही वर्षांतच जवळजवळ नाहीशी झाली. ज्या शहराला जगाने कापसाचे शहर म्हटले, त्याच्या वेशीवरचा कापूस त्या शहरानेच संपवला.

१५.
गिरण्यांच्या आतही सुख नव्हते. यंत्रांवर राबणाऱ्या बहुसंख्य कामगार गरीब खेड्यांतून आणलेल्या मुली होत्या. बारा बारा तासांच्या पाळ्या, रात्रपाळी, कुलूपबंद वसतिगृहे, क्षय. कारखाना कायदा १९११ मध्ये झाला, अंमल १९१६ मध्ये सुरू झाला आणि स्त्रियांची रात्रपाळी प्रत्यक्षात थांबली १९२९ मध्ये. स्वतः गिरणी कामगार असलेल्या होसोई वाकिझो यांनी १९२५ मध्ये या मुलींच्या दुःखावर पुस्तक लिहिले. ते जपानी सामाजिक इतिहासातील मोलाचा दस्तऐवज मानले जाते. ओसाकाचे कौतुक करताना हे पान वगळता येणार नाही.

१६.
त्याच वर्षी, १९२५ मध्ये, भोवतालची गावे सामावून घेऊन ओसाका सुमारे २१ लाख लोकसंख्येचे झाले आणि काही काळ टोकियोपेक्षाही मोठे शहर ठरले. महापौर सेकी हाजिमे हे मुळात सामाजिक धोरणांचे अभ्यासक. त्यांनी मिदोसुजी हा अरुंद रस्ता रुंद करून शहराचा कणा बनवला आणि १९३३ मध्ये त्याखालून नगरपालिकेची भुयारी रेल्वे धावू लागली. कापसाचा नफा अशा रीतीने शहराच्या रस्त्यांत आणि रुळांत उतरला.

१७.
आणि कापूस पिकवणाऱ्यांकडे काय उतरले? ओसाकातील निप्पॉन मेनका, गोशो, तोयो मेनका या कंपन्या मुंबईत शाखा उघडून हिंदुस्थानी कापूस खरेदी करत. वर्धा-वऱ्हाडचा माल बाजारात ‘ऊमरा’ या नावाने जाई. हे अमरावतीच्या नावाचे व्यापारी रूप. जपानी गिरण्या निरनिराळ्या देशांची रुई कुशलतेने मिसळत, त्यामुळे त्यांना जाडाभरडा, आखूड धाग्याचा स्वस्त कापूसही चाले. बाजार वजनाला पैसे देई, धाग्याच्या लांबीला नाही. मग शेतकऱ्याने अधिक रुई उतरणारे आखूड वाण धरले आणि हिंगणघाटची कीर्ती करणारा बनी मागे पडला. दोष शेतकऱ्याचा नव्हता. भावाने जे शिकवले ते तो शिकला.

१८.
परावलंबनाची किंमत १९३३ मध्ये कळली. हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. प्रत्युत्तर म्हणून जपानच्या गिरणीसंघाने हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला. भांडण कापडाचे, फटका कापूस पिकवणाऱ्याला. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली : जपानने वर्षाला १५ लाख गाठी घ्याव्यात, त्या बदल्यात ४० कोटी यार्ड कापड येथे विकावे. या वाटाघाटीत लँकेशायर होते, मुंबईचे गिरणीमालक होते, ओसाका होते. कापूस पिकवणारा मात्र केवळ गाठींच्या आकड्यात होता.

१९.
याच १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात एक वेगळा विचार आकार घेत होता. कापसाच्या व्यापारातच ज्यांचे घराणे वाढले त्या जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधीजी वर्ध्यास आले आणि डिसेंबरमध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, सूत्रे जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे. माल जेथे पिकतो तेथेच त्यावर प्रक्रिया व्हावी आणि तिचे मोल गावात राहावे, हा त्या संस्थेचा गाभा.

२०.
ओसाकाची चिमणी आणि मगनवाडीचा चरखा यांहून विरुद्ध टोके शोधूनही सापडणार नाहीत. तरीही एका मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे : कच्चा माल कच्चाच विकणारा कायम दुसऱ्याच्या दयेवर जगतो. शिबुसावांनी हे भांडवलदाराच्या वाटेने ओळखले, कुमारप्पांनी ग्रामस्वराज्याच्या. दुर्दैव असे की, स्वातंत्र्यानंतर आपण वर्ध्यात ना ओसाका घडवले ना मगनवाडीचा विचार अर्थव्यवस्थेत उतरवला. एकाची आपण सहलवर्णने लिहिली, दुसऱ्याचे स्मारक केले.

२१.
१९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. व्यापाऱ्याच्या मनमानीला लगाम घालणे हा हेतू रास्त होता आणि हमीचा आधार अनेकांना मिळालाही. पण ती योजना खरेदीची होती, प्रक्रियेची नव्हे. तिकडे एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. हिंगणघाट-पुलगावच्या जुन्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यात वर्धा होता.

२२.
ओसाकाचेही कापड पुढे मंदावलेच. पण तोवर तेथे यंत्रकारागीर, बँका आणि विक्रीची जाळी तयार झाली होती. १९१८ मध्ये तेथे लहानसा धंदा काढणारे मात्सुशिता कोनोसुके पुढे जगाला विजेची उपकरणे विकू लागले. धुराचा हिशेबही चुकला नाही : निशियोदोगावा भागातील प्रदूषणग्रस्तांनी १९७८ मध्ये कंपन्या व सरकारवर दावा लावला आणि १९९५ व १९९८ मध्ये तडजोडी पदरात पाडून घेतल्या. एक उद्योग गेला तरी त्याने मागे ठेवलेले कौशल्य दुसऱ्याला जन्म देते. गाठी बांधून पाठवणाऱ्या गावात असे काही मागे उरत नाही.

२३.
आता अलीकडचा काळ. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. वस्त्रोद्योगाची बाजू समजण्यासारखी आहे : परदेशी स्पर्धकांना रुई स्वस्त मिळते, अमेरिकेने २०२५ मध्ये आपल्या मालावर शुल्क वाढवले होते, कारखाने टिकले तर रोजगार टिकेल. १८९६ मध्ये ओसाकाच्या गिरणीमालकांचा युक्तिवाद याच जातीचा होता, आणि गिरणीच्या दृष्टीने तो खरा ठरला.

२४.
पण कावाचीच्या शेतकऱ्याच्या मुलांना कोसावर कारखाने उघडलेले दिसत होते. शेती गेली तरी शहर वाढत होते. समुद्रपूरच्या किंवा देवळीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कोसावर काय उघडले आहे? २०२५ च्या माफीची मुदत अशी होती की तिने दसरा-दिवाळीची आवक नेमकी गाठावी. नवा कापूस घरात येण्याच्या सुमारास बाहेरचा स्वस्त कापूस दारात, हे कोणत्याही देशाचे औद्योगिक धोरण असू शकेल. ते शेतकऱ्याचे धोरण नव्हे.

२५.
हिशेब साधा आहे. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरते ती बहुतांश सरकी. १७० किलोची एक गाठ भरायला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. शेतकऱ्याचा संबंध रेचा फिरण्याआधीच संपतो. सरकीचे तेल, पेंड, रुईची प्रत, सुताचा नंबर, कापड, शिलाई : या प्रत्येक पायरीवर मोल वाढते आणि त्यातील एकाही पायरीवर त्याचे नाव नसते.

२६.
‘वर्ध्याचे ओसाका करायचे का?’ असा प्रश्न येईल. नाही, ते शक्यही नाही आणि इष्टही नाही. सुमारे एक लाख वस्तीचे हिंगणघाट महानगर होणार नाही. पण तिथे आजही जिनिंग-प्रेसिंग चालते, सूत निघते, कापसाची बाजारपेठ मोठी आहे, आणि मगन संग्रहालयासारख्या संस्थांनी खादी व नैसर्गिक रंगांची परंपरा जिवंत ठेवली आहे. पाया आहे. त्यावर निर्णय हवेत.

२७.
माझ्या मते तीन. एक, कापसाचा भाव केवळ वजनावर आणि ओलाव्यावर न ठरता धाग्याच्या लांबी-ताकदीच्या तपासणीवर, बाजार समितीच्या आवारातच ठरावा. नाहीतर बनीची गोष्ट पुन्हा पुन्हा घडेल. दोन, शेतकरी कंपन्यांना जिनिंगपुरते नव्हे, सूतगिरणीतील भागापर्यंत भांडवल मिळावे, आणि नफ्याचा वाटा कापूस देणाऱ्याच्या खात्यावर जमा व्हावा. तीन, आयात शुल्काचा कोणताही निर्णय हंगामापूर्वी, पेरणीच्या आधी जाहीर व्हावा. बोंडे फुटल्यावर नव्हे.

२८.
ओसाकाच्या इतिहासातून चमत्कार शिकायचा नाही. तेथील माणसांनी जहाज, जकात आणि भांडवल या तीन गोष्टी आपल्या हाती घेतल्या, आणि त्याची जबर किंमत कावाचीच्या शेतकऱ्यांनी व गिरणीतल्या मुलींनी मोजली. वर्ध्याने किंमत तर मोजली आहेच, दीडशे वर्षे मोजतो आहे. निर्णयाच्या बैठकीत त्याची खुर्ची मात्र अजून मांडलेली नाही. कापसाचे पुढचे धोरण ठरेल तेव्हा ती मांडली जावी, एवढीच या धाग्याची मागणी.